आमची वाटचाल: दोन मशीनपासून दोन पाळ्यांपर्यंत

साकीनाक्याच्या गाळ्यात दोनच मशीन होत्या तोवर मुद्दाम केलेलं नुकसान हा विषयच नव्हता. मालक स्वतः मशीनवर उभा, कोणाला किती पगार आणि का, हे सगळ्यांना ठाऊक. आठ सीएनसी लेथ (संगणकाने चालणाऱ्या कातकामाच्या मशीन) आणि दोन पाळ्या झाल्यावर ‘कोणीतरी मुद्दाम करतंय’ हे वाक्य गाळ्यात शिरलं. पितळी फिटिंगचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणारे नग, वाढलं की पहिला संशय माणसावर जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

म्हणून आधी माप वाचायचं. माप एकाच दिशेने थोडं थोडं सरकत असेल तर इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं बदलतं पातं, झिजतोय. सकाळचेच नग वेगळे येत असतील तर स्पिंडल, म्हणजे नग फिरवणारा दांडा, अजून तापलेला नाही. 25 मिमीचा पितळी नग दहा अंशांनी थंड झाला की जवळपास 0.005 मिमीने आकसतो, त्यामुळे गरम नग मोजून झालेली भांडणं फुकटची. माप अचानक 0.09 मिमीने उडालं तर ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला दिलेल्या मापाच्या दुरुस्तीत, 0.01 ऐवजी 0.1 टाकलं गेलंय. ही दशांश चिन्हाची चूक आहे, वैर नाही. सोमवारी कूलंटला, म्हणजे कापताना नग थंड ठेवणाऱ्या पाणीमिश्रित द्रवाला, कुजका वास आला म्हणजे कोणी काही ओतलं असंही नाही. रविवारी पंप बंद राहतो, वर तेलाचा थर बसतो आणि खाली जिवाणू वाढतात. नुसतं पाणी भरत राहिलं की पाण्यातलं कूलंटचं प्रमाण 5 टक्क्यांखाली जातं. हे प्रमाण मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा तसाच धरू नये, कूलंटच्या डब्यावर दिलेल्या गुणकाने गुणावा.

खरा घातपात वेळ आणि माणूस निवडतो. त्रास ठरावीक पाळीनंतरच्याच माणसाला होतो किंवा नेमका माल निघायच्या दिवशी होतो. तो रागाने हातोडा मारण्यासारखा क्वचितच असतो. बहुधा कळत असून गप्प बसणं असतं: नग पकडणाऱ्या जॉच्या खाली चिप (धातूचा कीस) अडकलीय, नग डगमगतोय, पण ‘मला काय त्याचं’.

हे गप्प बसणं पुष्कळदा आपल्याच नियमांनी शिकवलेलं असतं. आम्ही पाळीच्या नगसंख्येवर इन्सेंटिव्ह ठेवला. मग झिजलेला इन्सर्ट पाळी संपेपर्यंत ओढला जायचा, कारण बदलायला लागणारी दहा मिनिटं आपल्या खात्यात आणि रिजेक्शन पुढच्याच्या. आता इन्सर्ट नगांच्या मोजणीवर बदलतो, पाळीवर नाही. दोन पाळ्यांत पंधरा मिनिटांचा पगारी ओव्हरलॅप आहे. जाणाऱ्याचे शेवटचे तीन आणि येणाऱ्याचे पहिले तीन नग चिठ्ठी बांधून ठेवले जातात. ऑफसेट बदलला की वहीत वेळ, जुना आकडा, नवा आकडा आणि कारण लिहायचं. चूक स्वतः सांगणाऱ्याचा पैसा कापायचा नाही, हा नियम मोडला तर वही दोन आठवड्यांत खोटी होते.

पैशापेक्षा तो का कापला हे न सांगणं जास्त लागतं. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी 1990 मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन कारखान्यांत दहा आठवडे पगार 15 टक्क्यांनी कमी केला होता. एकीकडे सविस्तर कारणं आणि दिलगिरी, दुसरीकडे थोडक्यात घोषणा. चोरी दोन्हीकडे वाढली, पण थोडक्यात उरकलं तिथे कितीतरी जास्त. आमच्याकडे म्हणून दिवाळी बोनसचा हिशोब कागदावर मांडून दाखवतो. कुरकुर होते, पण ती तोंडावर होते.

कॅमेरे लावून फार साधत नाही. कॅमेऱ्यात हात दिसतो, हेतू दिसत नाही. शिवाय मशीनवर रोखला की लोक बिघाड सांगायचे थांबतात. गेट आणि भंगाराचा कोपरा एवढ्यापुरता ठीक, पितळेचा चुरा महाग असतो.

लेट मार्कचं मात्र वेगळं. तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापला की बदलापूरहून येणारा माणूस लोकल रखडल्याची किंमत भरतो आणि उरलेला अर्धा दिवस मशीन तेवढ्याच मनाने चालवतो. आता वीस मिनिटांपर्यंतचा उशीर त्याच आठवड्यात भरून देता येतो. पाळी लावायच्या आदल्या दिवशी सुपरवायझर मेगाब्लॉक बघून घेतो.