ला पाझ: चढ केबल कारने, उतार पायांनी

बोलिव्हियातल्या सांताक्रूझहून ला पाझसाठी निघालेले विमान तासाभरात एल आल्तोला, म्हणजे ला पाझच्या माथ्यावरच्या शहरात, उतरले. सांताक्रूझ समुद्रसपाटीपासून जेमतेम 400 मीटरवर आहे आणि एल आल्तोचा विमानतळ 4,061 मीटरवर, म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या मी दोन कळसूबायांहून अधिक चढून आले होते. हॉस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पाठीवर बारा किलोंची सॅक घेऊन मी सह्याद्रीतल्या सवयीने भराभर जिना चढू लागले आणि दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी राहिले. छातीचा भाता झाला होता. रात्री त्याहून विचित्र प्रकार घडला: डोळा लागला की श्वास काही क्षण थांबल्यासारखा होई आणि मी दचकून, हवा ओढत जागी होई. एवढ्या उंचीवर नवख्या माणसाच्या झोपेत श्वासाची लय अशी बिघडणे सर्रास घडते, हे मी वाचून आले होते. पण पहाटे तीन वाजता अनोळखी खोलीत एकटीने ते अनुभवताना त्या वाचनाचा फारसा उपयोग झाला नाही.

म्हणून मागून येणाऱ्यांनी माझा मार्ग गिरवू नये. सांताक्रूझहून आधी सुक्रेला जावे, सुमारे 2,800 मीटरवरच्या त्या टुमदार शहरात तीन-चार दिवस राहावे आणि मगच ला पाझ गाठावे. (सुक्रे हीच बोलिव्हियाची घटनात्मक राजधानी, सरकारचा कारभार मात्र ला पाझमधून चालतो.) थेट यायचेच असेल, तर विमानाने लेहला गेल्यावर आपण पाळतो तो नियम इथेही पाळावा, कारण ला पाझचा मध्यभाग लेहहूनही थोडा उंच, सुमारे 3,600 मीटरवर आहे: पहिला दिवस विश्रांतीचा, जेवण हलके, पाणी भरपूर आणि मद्य वर्ज्य. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि कमी उंचीवर उतरण्याची सोय करावी.

दुसऱ्या दिवशी बाहेर पडले तेव्हा कळले, की या शहरात नकाशा अर्धेच सांगतो. नकाशावर दोन बोटांचे दिसणारे अंतर प्रत्यक्षात दीडशे पायऱ्यांचे निघते. ला पाझ एका खोल कढईत वसलेले आहे. तळाशी चोकेयापू नदी आहे, जी शहराच्या मध्यभागात बहुतांशी रस्त्यांखाली झाकून टाकली आहे, आणि तिच्याच वाटेने ‘प्रादो’ हा मुख्य रस्ता जातो. मध्यभागात वाट चुकली, तर उतार धरून चालत राहावे. बहुधा प्रादोच्याच आसपास पोहोचता येते. आपल्याकडे उंचावरची घरे महाग असतात, इथे नेमके उलटे आहे: श्रीमंत वस्ती खाली, ‘सोना सूर’ या उबदार दक्षिण भागात, आणि कष्टकरी एल आल्तो वर, वाऱ्यात.

हा चढ-उतार ज्याने सुसह्य केला आहे तो ‘मी तेलेफेरिको’, म्हणजे 2014 पासून सुरू झालेले केबल कारचे जाळे. ही पर्यटकांसाठीची करमणूक नव्हे. दप्तरे घेतलेली मुले आणि बाजाराची गाठोडी सांभाळणाऱ्या बायका यांच्यासाठी ती आपल्या लोकलसारखी आहे. मी गेले तेव्हा एका मार्गाचे तिकीट 3 बोलिव्हियानो होते आणि मार्ग बदलताना त्यात 2 बोलिव्हियानोंची भर पडे. मी मध्यवर्ती स्थानकातून लाल मार्गाने वर एल आल्तोला गेले, तेथून रुपेरी मार्गाने कड्याच्या काठाने ‘मिरादोर’ स्थानकावर आले, आणि मग पिवळ्या व हिरव्या मार्गांनी थेट सोना सूरमधल्या इर्पावीपर्यंत उतरले. लाल मार्गावर दफनभूमीच्या भिंतीतल्या थडग्यांच्या चौकटी, त्यांत ठेवलेली फुले, अगदी पायांखालून सरकतात. हवा स्वच्छ असेल तर समोर 6,438 मीटर उंचीचा इयिमानी पर्वत हिमशिखरांसह उभा राहतो. जून-जुलैच्या कोरड्या थंडीत ही शक्यता अधिक असते. मात्र त्या दिवसांत रात्री पारा शून्याजवळ येतो आणि दुपारी ऊन चटके देते, त्यामुळे थर्मल आणि सनस्क्रीन दोन्ही बरोबर हवेत. वर चढायचे ते केबल कारने आणि चालायचे ते उतारावर, एवढे ठरवून टाकल्यावर माझे पुढचे दिवस सुखाचे गेले.

जुन्या भागात प्लाझा मुरियोवर विधिमंडळाच्या इमारतीचे घड्याळ उलटे फिरते. 2014 मध्ये ते मुद्दाम तसे केले गेले, कारण दक्षिण गोलार्धात सूर्यघड्याळाच्या काट्याची सावली आपल्या उलट दिशेने फिरते. मला ते आधी नुसते राजकीय वाटले. पण दुपारी सूर्य दक्षिणेला असतो असे गृहीत धरून मी दोनदा भलत्याच गल्लीत शिरले, तेव्हा घड्याळाचे म्हणणे पटले. लिनारेस रस्त्यावरच्या ‘चेटकिणींच्या बाजारा’त लामांचे वाळवलेले गर्भ टांगलेले दिसतात. नवे घर बांधताना पाचामामेला, म्हणजे धरणीमातेला, ते घराच्या पायाखाली पुरून अर्पण करतात. ती श्रद्धेची वस्तू आहे; विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये.

खाण्यात मी रमले ती आपीवर. जांभळ्या मक्याचे दालचिनी-लवंग घातलेले हे दाट, गरम पेय थंड सकाळी चीज भरलेल्या, तळून फुगलेल्या ‘पास्तेल’बरोबर घेतात. घेरदार झगा आणि डोक्यावर गोल टोपी घातलेल्या विक्रेतीने माझा पेला रिकामा होताच, न मागता, त्यात अर्धा डाव आणखी ओतला आणि म्हणाली, “यापा, कासेरिता.” भाजीवाली मावशी वर मूठभर कोथिंबीर टाकते, तोच हा प्रकार. ‘कासेरिता’ म्हणजे नेहमीचे गिऱ्हाईक; मी तर तिथे पहिल्यांदाच बसले होते. शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवावे: ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हटल्यास कोंबडी खुशाल ताटात येते, कारण ‘कार्ने’ म्हणजे मुख्यतः गोमांस, तेव्हा ‘सिन पोयो’ (कोंबडीशिवाय) हेही जोडावे. शेंगदाण्याचे सूप, ‘सोपा दे मानी’, पाहून दाण्याच्या आमटीची आठवण होते, पण तेही बहुधा हाडांच्या रश्श्यावर शिजवलेले असते.

एकटीने फिरताना दिवसा मला भीती वाटली नाही. मात्र साध्या वेशात येऊन पोलीस असल्याचे सांगणारे आणि पासपोर्ट किंवा पाकीट तपासायला मागणारे भामटे इथे जुने आहेत. त्यांच्याबरोबर कोणत्याही गाडीत बसू नये. पायी पोलीस चौकीत चला, असे सांगावे. रात्री हॉस्टेलवाल्यांकडून रेडिओ टॅक्सी मागवावी, आणि डॉलरच्या नोटा कोऱ्या न्याव्यात, कारण किंचित फाटलेली नोटही कोणी घेत नाही.

परतीच्या दोन बाबी. बोलिव्हियातून भारतात येताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते आणि लस किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. अन्यथा विलगीकरणात जावे लागू शकते. कोकाच्या पानांचा चहा तिथे घरोघरी पितात आणि तो पूर्णपणे कायदेशीर आहे, पण भारतात कोकाचे पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, त्यामुळे चहाची एक पुडीही सामानात राहू देऊ नये. निघायच्या पहाटे मी सॅकचे सगळे कप्पे उलटे करून झटकले आणि उरलेली पाने हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात, नुकत्याच आलेल्या, कपाळ धरून बसलेल्या एका मुलासमोर ठेवली.