पांढरी दोन की काळी दोन?

२१ जून

आयर्लंडमध्ये उघड्यावरच्या मैफलींचा हंगाम सुरू झाला की जुन्या धाटणीचं मिश्रण हमखास ऐकू येतं. १९५०च्या दशकातलं रॉकबिली (कंट्री आणि रॉक अँड रोलची सरमिसळ), साठच्या दशकातल्या शोबँडचा, म्हणजे नाचासाठी वाजवणाऱ्या मोठ्या बँडचा, ब्रास (ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा) आणि मधोमध फिडल (व्हायोलिन), बाउरान (हातात धरून वाजवायचा कातडी डफ), टिनव्हिसल (पत्र्याची छोटी बासरी). पोशाख तर झकासच असतात. पण मिश्रण जमलं की फसलं हे पहिल्या दोन गाण्यांत कळतं, आणि फसण्याचं कारण बहुतेकदा पट्टीत किंवा ठेक्यात सापडतं. आज त्याचीच नोंद.

आधी पट्टी. आयरिश धुनांचं घर डी आणि जी, म्हणजे आपली पांढरी दोन आणि पांढरी पाच. फिडलच्या मोकळ्या तारा, टिनव्हिसलची भोकं, इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप), सगळं त्याच हिशोबाने बेतलेलं. ब्रासचा हिशोब वेगळा, ती वाद्यं बी फ्लॅट आणि ई फ्लॅटला धरून बेतलेली. डीमध्ये वाजवायचं म्हटलं की टेनर सॅक्सोफोनवाल्यासमोर चार शार्प येतात, आल्टोवाल्यासमोर पाच. संथ गाण्यात निभून जातं. जलद धुनेत बोटं अडखळतात आणि ब्रासचा सगळा रुबाब उतरतो.

यावर तोड म्हणजे सगळ्यांनीच अर्धा स्वर चढून काळी दोनवर, ई फ्लॅटवर जायचं. तिथे आल्टोला एकही शार्प-फ्लॅट नाही, टेनर आणि ट्रम्पेटला फक्त एक फ्लॅट. फिडलवाल्यांची बोटं तीच राहतात, तारा तेवढ्या चढवायच्या. पारंपरिक वादक हौसेने ई फ्लॅटमध्ये बसतातच, कारण तिथे फिडलला वेगळीच धार येते. पण अर्धा स्वर चढवला की तारेवरचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. कार्यक्रमाआधी घाईने चढवलेल्या तारा मंचावर उतरत राहतात, आणि तुटायची झालीच तर बारीक ई तार आधी तुटते. आदल्या रात्रीच चढवाव्यात, दुसऱ्या दिवशी दोनदा लावून घ्याव्यात, खिशात जादा ई तारा असाव्यात. टेनर बँजोला पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा. ई फ्लॅटची टिनव्हिसल वेगळी मिळते आणि महागही नसते. बटणांचा अकॉर्डियन मात्र जागच्या जागी बदलत नाही, इलन पाइप्सही नाहीत. तेव्हा पाइप्सचं गाणं डीमध्येच ठेवावं, ब्रासला त्यात विश्रांती द्यावी आणि साध्या पट्टीत लावलेली दुसरी फिडल स्टँडवर तयार ठेवावी.

ठेक्याचं प्रकरण जास्त चिवट आहे. मिश्रण म्हटलं की सगळे आधी रील ही आयरिश नाचाची धून उचलतात, कारण ती वेगवान आणि श्रोत्यांच्या ओळखीची. माझ्या मते तिथेच गाडी रुळावरून घसरते. रीलचे स्वर जवळजवळ समान अंतरावर धावतात, तर रॉकबिलीचा शफल हा ठेका एका मात्रेचे तीन भाग करून मधला गाळतो. ड्रमर एकीकडे ओढतो, फिडल दुसरीकडे. त्यापेक्षा कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या श्लीव लूखरा भागातल्या पोलका आणि स्लाइड या नाचाच्या धुना घ्याव्यात. पोलका दोन मात्रांची, आणि तिचा जोर पडल्यावर जी उलटी मात्रा येते ती थेट स्नेअर ड्रमच्या बॅकबीटवर, म्हणजे दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरच्या ठोक्यावर, बसते. स्लाइड १२/८ मध्ये असते. प्रत्येक मात्रेचे तीन भाग तिच्यात आधीच आहेत, त्यामुळे शफलला काहीच मुरड घालावी लागत नाही. हॉर्नपाइप ही नाचाची धून मुळातच झुलते, तीही चालते.

मांडणीतही एक खोच आहे. हॉर्नपाइपचे दोन भाग, प्रत्येक आठ मापांचा (बारचा), दोनदा वाजणारा: एकूण ३२ मापं. रॉकबिलीची बरीच गाणी ज्यावर बसतात ते ब्लूजचं आवर्तन १२ मापांचं. रिवाजाप्रमाणे धून तीनदा वाजवली तर ९६ मापं होतात आणि ब्लूजची बरोबर आठ आवर्तनं. समेवर दोघं एकत्र येतात हे खरं, पण वाटेत कॉर्ड जागोजागी भांडतात. गणित कितीही सुंदर असलं तरी एकावर एक रचू नये. धून एकदा पूर्ण, मग ब्लूजची दोन आवर्तनं, मग परत धून, हे कानाला बरं लागतं.

आणि तो प्रसिद्ध स्लॅपबॅक. मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्सने टेपच्या दोन यंत्रांमधून काढलेला एकच आखूड प्रतिध्वनी, साधारण १३० मिलिसेकंदांचा. आवाजावर आणि गिटारवर बहारदार. पण मिनिटाला ११० मात्रांच्या लयीत, मात्रेला चार स्वर अशी रील वाजत असेल तर तिच्या दोन स्वरांत अंतर असतं सुमारे १३६ मिलिसेकंद. म्हणजे प्रत्येक स्वराचा प्रतिध्वनी पुढच्या स्वराच्या टाचेवर पाय देतो आणि सगळ्या धुनेचा लगदा होतो. फिडलवर स्लॅपबॅक लावूच नये.

हे सगळं आजचं फॅड आहे असं कुणी म्हटलं की हसू येतं. वॉटरफर्डहून गेलेले फ्लॅनगन ब्रदर्स १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अकॉर्डियन आणि बँजोवर हेच करत होते. हॉर्सलिप्स या आयरिश रॉक बँडने १९७३ साली ओनील्स मार्च ही जुनी चाल इलेक्ट्रिक गिटारच्या रिफमध्ये बसवली. मार्चची चाल ठाम, म्हणून ती बसलीही. डब्लिनच्या लिबर्टीज भागातली इमेल्डा मे रॉकबिली गाऊन गाजली आणि ती बाउरानही वाजवते.

बाउरानचं एक बघावं लागतं. त्याचा खालचा नाद, डबल बेस आणि बास ड्रम तिघं एकाच पट्ट्यात गर्दी करतात. बास ड्रम काढून टाकावा. स्नेअरवर ब्रश पुरतात. बेसला दोन पिकअप (आवाज उचलणारी छोटी यंत्रं) हवेत, एक ब्रिजवर स्वरासाठी, दुसरा फिंगरबोर्डपाशी तारा आपटून निघणाऱ्या थापेच्या टकटकीसाठी, आणि मिक्सरवर दोन्हींना वेगळे चॅनल. एकाच चॅनलवर टकटक वाढवायला गेलं की बेसचं पोट घुमायला लागतं. बेसवरच्या एफच्या आकाराच्या भोकांत फोम कोंबला की घुमणं कमी होतं.

राहिली हवा. बाउरानचं बोकडाचं कातडं ऊन-वाऱ्यात ताणतं, आवाज पत्र्यासारखा होतो. आतल्या बाजूने पाण्याचा हलका फवारा मारून तळव्याने पसरवावा. संध्याकाळी दमटपणा आला की ते सैल पडतं, तेव्हा ॲलन कीने कडं आवळावं. कडं आवळता न येणारा बाउरान उघड्या मंचावर नेऊच नये.

डब्लिनमध्ये आजच्या दिवशी सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. तोवर मंचावरच्या दिव्यांचा उपयोग जवळपास शून्य. शोबँडचा लखलखाट दिसायला हवा म्हणून ब्रासची गाणी शेवटी ठेवतात. पण तोवर गारठा पडलेला असतो: स्टँडवर नुसता उभा असलेला सॅक्सोफोन उतरतो, फिडलच्या तारा आकसून चढतात, दोघांतली दरी रुंदावते. क्रम बदलायची गरज नाही. आधीचं गाणं चालू असतानाच ब्रासवाल्यांनी मिनिटभर न वाजवता नळीतून गरम श्वास सोडत राहावं, मग स्वर जुळवावा, आणि फिडलनेही त्याच वेळी ब्रासकडून स्वर घ्यावा, ट्यूनरकडून नव्हे.