पीआरबीएस-३१ बनवला पटकन, टेस्ट रिपोर्ट मिळेपर्यंत मात्र जीव मेटाकुटीला आला

कुपवाड एमआयडीसीत आमचं डिझाईनचं छोटं काम आहे. एका कस्टमरला ३.२ गिगाबिटच्या लिंकसाठी पीआरबीएस-३१ पाहिजे होता, म्हणजे लिंक तपासायला पाठवायचा, दिसायला रँडम पण ठरलेल्या नियमाने येणारा बिटांचा पॅटर्न. एकेक बिट सरकवत एफपीजीएत (आतलं सर्किट आपण ठरवायचं ती चिप) एवढा स्पीड निघत नाही, म्हणून १०० मेगाहर्ट्झवर दर क्लॉकला ३२ बिट एकदम काढायचे. नवा बिट म्हणजे २८ आणि ३१ जागा मागच्या बिटांचा एक्सॉर (दोन बिट वेगळे तर १, सारखे तर ०), त्यामुळे पहिले २८ बिट दोन इनपुटमध्येच निघतात. पुढच्या तिघांना तीन इनपुट लागतात, आणि ३२ व्यात एकच बिट दोनदा येऊन कटतो, परत दोनच! हे कागदावर निघालं तेव्हा लय भारी वाटलं. टायमिंग आरामात बसलं, म्हणजे सगळा हिशेब एका क्लॉकच्या आत होतो.

अडकलं ते टेस्टिंगला. कस्टमरला बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट पाहिजे, म्हणून पुण्यातल्या एका लॅबला बोर्ड दिला. फॉर्मवर जीएसटी नंबर, बोर्डचं वजन, परतीचा पत्ता सगळं विचारलंय, पण पॅटर्न सरळ की इनव्हर्ट (० चा १, १ चा ०) हा कॉलमच नाही. मी आपणहून शेवटी लिहिलं, सरळ. रिपोर्ट आला, "सिंक नाही, फेल", म्हणजे मशीनला पॅटर्न जुळलाच नाही. फोन केला की मॅडम म्हणायच्या, "इंजिनिअर साईटवर आहेत सर, परत टेस्ट पाहिजे तर नवीन फॉर्म भरा, चार्जेस परत लागतील." अहो, मला टेस्ट नको, मशीनचं सेटिंग काय होतं तेवढं सांगा! मेल केले, उत्तर नाही. इकडे कस्टमर रोज विचारतोय आणि बोर्ड त्यांच्या कपाटात पडलेला.

शेवटी मिरजेहून रेल्वे पकडून स्वतः गेलो आणि काउंटरवरून हललोच नाही. इंजिनिअर आले, मशीन दाखवलं, ते आयटीयूच्या (टेलिकॉमची आंतरराष्ट्रीय संस्था) ओ.१५० या स्टँडर्डप्रमाणे होतं आणि त्यात पीआरबीएस-३१ इनव्हर्ट असतो. सेटिंग बदललं, लगेच सिंक. एवढ्यासाठी तंगवलं, अजून राग जात नाही. कुठल्याही लॅबला बोर्ड देताना सेटिंग आधी लेखी घ्याच, आणि रिपोर्टमध्ये एरर रेटचा आकडा मागा, नुसतं फेल चालवून घेऊ नका. चेकर (पॅटर्न तपासणारं मशीन) येणाऱ्या बिटांवरूनच पुढचा बिट काढत असेल तर जवळपास प्रत्येक बिट चुकीचा म्हणजे पॅटर्न उलटा किंवा पीसीबीवर डिफरेन्शियल पेअर (एकाच सिग्नलच्या प्लस-मायनस दोन लाईन) उलटी. साधारण निम्मे चुकीचे असतील तर बिटांचा क्रम किंवा पॉलिनॉमियल (कुठल्या जागांचा एक्सॉर घ्यायचा तो नियम) बघा. अशा चेकरमध्ये लाईनवरची एक सुटी चूक तीनदा मोजली जाते, आकडा वाचताना तेही धरा.

हां, आणि रिसेटला मागचे बिट ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये सगळे शून्य ठेवू नका, शून्याचा एक्सॉर शून्यच, पॅटर्न तिथून हलत नाही. कुठेतरी एक १ टाकला की २१४७४८३६४७ बिटांचा पूर्ण फेरा मिळतो.