आईचं नाव आणि मुलाखतीची खिडकी

आधार कार्डावर आईचं नाव इंदुमती आहे. पण चाळीस वर्षं तिला सगळे सुनंदा म्हणतात, कारण लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने तेच नाव लिहिलं होतं. या दोन नावांपायी माझ्या धाकट्या भावाला चार आठवडे आई दिसली नाही. अजून आठवलं की संताप होतो.

भाऊ मुंबईतल्या एका कारागृहात आहे. नाव लिहीत नाही, कारण तो अजून आतच आहे. कच्चा कैदी, खटला उभा राहायचाय. मुलाखतीच्या, म्हणजे कैद्याला भेटायच्या, रांगेत बहुतेक जण अशांचेच नातेवाईक असतात. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या तुरुंगांतले दर चारातले तीन बंदी शिक्षा न झालेलेच होते. अटक, कोर्ट, वकील यांबद्दल लिहीत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. आमचं अडलं ते खिडकीवर.

आत गेला त्या दिवशी त्याला विचारलं, भेटायला कोण येणार? त्याने आईचं नाव सुनंदा सांगितलं. दुसरं काय सांगणार? पहिल्या मुलाखतीला आम्ही दोघी भांडुपहून पहाटेची लोकल पकडून गेलो. माझं नाव जुळलं. आईचं आधार खिडकीतून परत आलं. "हे नाव यादीत नाही. नाव बदलल्याचं गॅझेट आणा." आई म्हणाली, "अहो, मी त्याची आई आहे." पुढच्या माणसाला हाक गेली.

मी एकटी आत गेले. काचेपलीकडे भाऊ, मधे इंटरकॉम. दाढी केलेली, केस ओले करून बसवलेले. त्याने आधी माझ्या मागे पाहिलं. "आई?"

मी नावाचा घोळ सांगितला. तो म्हणाला, "ताई, आईचं नाव मला माहीत नाही का?" पुढे बोललाच नाही. माझा त्याच्यावर विश्वास होता, पण त्याला वाटलं मी सावरून घेतेय. आई बाहेर झाडाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, त्याच्यापासून फार तर दोनशे पावलांवर. आणि त्याच्या मनात ती घरी होती, लाजेने येत नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही रेशनकार्ड नेलं. त्यावर सुनंदा आहे, आधारवर इंदुमती, पत्ता एकच, नवऱ्याचं नाव एकच. चालणार नाही. लग्नाचं सर्टिफिकेट? त्या काळी गावात कोण नोंदवत होतं! तिसऱ्या आठवड्यात नोटरीचं प्रतिज्ञापत्र नेलं. तेही परत आलं. दर वेळी तीच वाक्यं. कुणी एकदाही सांगितलं नाही की नेमकं काय केलं तर चालेल. पैसे नसतानाही मी गॅझेटच्या जाहिरातीची चौकशी करून आले होते.

तोवर भावाची तब्येत उतरत चालली. तिसऱ्या वेळी दाढी वाढलेली होती, शर्ट चुरगळलेला. म्हणाला, "आमच्या बराकीत एक काका आहेत. ते म्हणतात, सगळ्यांच्या घरचे आधी कागदाचंच कारण देतात. मग येणं बंद." मुलाखतीच्या दिवशी सकाळी बराकीत कपडे, आंघोळ, आरसा यांची गडबड असते आणि संध्याकाळी सगळे गप्प असतात, हेही त्यानेच सांगितलं. ज्यांचं नाव पुकारलं जात नाही ते भिंतीकडे तोंड करून झोपतात. त्या आठवड्यांत तोही त्यांच्यातलाच झाला होता. माझं येणं त्याला पुरत नव्हतं, आणि मला त्याचा राग आला नाही.

आधी लिहायला हवं होतं ते आत्ता आठवलं: पत्र लिहा. तपासून का होईना, पत्र आत पोचतं. आईने स्वतःच्या अक्षरात चार ओळी पहिल्याच आठवड्यात पाठवल्या असत्या, तर तो त्या काकांचं ऐकत बसला नसता. मला हे सुचलं नाही, याचं वाईट वाटतं.

सुटका केली ती विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर, वकील फुकट मिळतो. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, "नोंद आतून झालीय, दुरुस्तीही आतूनच होईल. भावाला अधीक्षकांच्या नावे अर्ज द्यायला सांगा, सोबत रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स जोडा." गॅझेटची गरजच नव्हती. १९८१ मध्ये फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की घरच्यांना भेटणं हे राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. अटकेतल्या माणसाचा हा हक्क आहे, खिडकीवरची मेहेरबानी नाही.

चौथ्या मुलाखतीत मी भावाला अर्जाचा मजकूर सांगितला. 'माझ्या आईचे आधार कार्डावरील नाव इंदुमती' इथे तो थांबला. "म्हणजे ती खरंच बाहेर आहे?" मी म्हटलं, "चौथ्यांदा आलीय." त्याने रिसीव्हर खाली ठेवला आणि बाहीने तोंड पुसलं. अर्ज त्याने त्याच दिवशी दिला.

एवढं लक्षात ठेवा. आत जाणाऱ्याला नाव सांगायची वेळ आली की आधारवर आहे तेच सांगायला सांगा. वकिलामार्फत निरोप देता येतो. मोबाइल आत नेता येत नाही, घरी ठेवून जा. ई-मुलाखतीची नोंदणी ऑनलाइन होते, लांबून येणाऱ्यांना ती बरी, पण ओळखपत्र तिथेही लागतं.

पाचव्या आठवड्यात आई आत गेली. वेळ वीसेक मिनिटं, त्यातली पहिली दोन-तीन "ऐकू येतंय का" यात गेली. तो काय जेवला हे तिने विचारलं, ती गोळ्या घेते का हे त्याने विचारलं. त्याने धुतलेला निळा शर्ट घातला होता. बाहेर आल्यावर आई स्टेशनपर्यंत गप्प होती. लोकलमध्ये बसल्यावर म्हणाली, "त्याच्या शर्टाचं वरचं बटण गेलंय गं." सुई-दोरा आत देता येणार नाही, मी सांगितलं. तिने घरी येऊन कपाटातून त्याचा पांढरा शर्ट काढला आणि सगळी बटणं दुहेरी दोऱ्याने पुन्हा शिवली. पुढच्या मुलाखतीला तो तपासून आत घेतला.