अर्धा घंटा पहिले

यंदा प्रकटदिनाला आमच्या गावची पायदळ दिंडी मूर्तिजापूरहून शेगावला गेली. बेचाळीस माणसं. 1878 मध्ये ज्या तिथीला गजानन महाराज शेगावात प्रकटले, त्या माघ वद्य सप्तमीला आपले पाय तिथे लागावेत, हा सगळ्यांचा ध्यास. मुक्काम, जेवणं, सामानाचा टेम्पो माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या अलीकडे दिंडी रेंगाळली. दुपारची पंगत होती त्या गावातून फोनवर फोन येत होते, "भाऊ, भाकरी गार होऊन रायल्या." हरभऱ्याची सोंगणी सोडून त्या बायांनी पहाटेपासून भाकरी थापलेल्या. त्यांना ताटकळत ठेवणं माझ्या जिवाला लागलं. मागे गेलो, तर तुळस वाहणाऱ्या मावशी कडुलिंबाखाली बसलेल्या. मी तोडून बोललो, "होत नसेल तर टेम्पोत बसा. तुमच्यापायी सगळे खोळंबले." मावशी काही न बोलता उठल्या, तुळस डोक्यावर घेतली. मृदंग वाजवणाऱ्या काकांनी मात्र मृदंग गळ्यातून काढून टेम्पोत ठेवला. टाळही थांबले.

आम्ही वेळेत पोचलो. भाकरी अजून कोमट होत्या, झुणका झणझणीत होता. वाढणाऱ्या आजींनी विचारलं, "काऊन बा, भजन नाई म्हणत तुमी?" माझा घास घशाखाली उतरेना.

रात्री गायगावला मावशींचा पाय मांडीवर घेतला. टाचेवर बोराएवढा फोड. सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायचा आणि दोरा आतच राहू द्यायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं, वरची कातडी निघत नाही. माझा हात थरथरत होता, त्यांचा पाय हलला नाही. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "टेम्पोत बस म्हटलं त्याचं काई नाई रे पोरा. मले इचारलं नाई तू. म्या सांगतलं असतं, मले अर्धा घंटा पह्यले निघू दे, तुमी मांगून या."

दोन दिवस मी कागदावर वेळा मांडत होतो. हा उपाय त्यांच्याजवळ पहिल्या दिवसापासून होता.

पहाटे साडेतीनला मावशी आणि आणखी दोघी टॉर्च घेऊन पुढे गेल्या, सोबतीला एक पोरगा. आम्ही चारला निघालो. पारसच्या वीजकेंद्राची चिमणी उजेडात दिसू लागली, तेव्हा पुढे रस्त्याच्या कडेला तुळस हलताना दिसली. पताकेवाला पोरगा पळत सुटला. त्या दिवशी नागझरीची पंगत आम्ही वेळेत गाठली, आणि भजन म्हणत गाठली.

काकांनी मृदंग परत गळ्यात घातला होता. शेगावच्या दर्शनबारीतही ते माझ्याशी बोलले नाहीत. मी पाया पडलो तेव्हा "माउली" तेवढं म्हणाले. होळीच्या आधी त्यांच्या घरी जाऊन बसणार आहे.