माझी चाल, मोठी करून

मी समलिंगी आहे. विदूषकाच्या कार्यशाळेला गेलो ते एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर. आमच्यासारख्याच समलिंगी, ट्रान्स लोकांसाठी ती ठेवली होती. नाटकाचा अनुभव नसला तरी चालेल, सैल कपडे घालून या, एवढाच निरोप होता.

आधी नियम ठरले. फोटो काढायचे नाहीत. इथे कोण आलं होतं हे बाहेर बोलायचं नाही, कारण काहींच्या घरी अजून माहीत नव्हतं. विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. कुठलाही खेळ मध्येच सोडून बाजूला बसलं तरी चालेल, का ते कुणी विचारणार नाही. माझ्या मते या नियमांशिवाय असली कार्यशाळा घेऊच नये.

मग थोडी पळापळ, आरडाओरडा, शिवाशिवी. अंग मोकळं झालं आणि चालण्याचा खेळ सुरू झाला. एकाने नेहमीसारखं चालायचं, बाकीच्यांनी मागून येत त्याची चाल उचलायची आणि हळूहळू मोठी करत न्यायची. फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉक यांनी १९५६ साली पॅरिसमध्ये नाट्यशाळा काढली. प्रत्येकाने आपल्या आतला विदूषक शोधायचा, ही त्यांची शिकवण. लाल नाकाला ते जगातला सर्वांत छोटा मुखवटा म्हणत.

शाळेपासून ‘बायकी चालतोस’ हे ऐकत आल्यामुळे माझे हात कायम खिशात असतात. तसाच निघालो. वळून पाहिलं तर सगळ्यांचे हात खिशात, माना आत ओढलेल्या. चाल मोठी होत गेली तसे एकाचे खांदे कानांना टेकले, दुसरीच्या मुठी कापडातून वर आलेल्या दिसत होत्या. माझं बायकीपण त्यांनी उचललंच नव्हतं. उचलला होता तो माझा बंदोबस्त. तो सांभाळायला रोज किती ताकद जाते, हे मला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसलं.

“आता हात बाहेर काढ,” शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या. काढले. मनगटं आपोआप वर आली, कंबर हलली. मागच्या सगळ्यांनी ती चाल इतक्या आनंदाने उचलली की मी खोलीभर फिरतच राहिलो.

याहून अवघड होतं ते फसणं. विदूषकाची करामत फसली की त्याने सारवासारव करायची नसते. थांबायचं, प्रेक्षकांकडे बघायचं, फजिती त्यांना दिसू द्यायची. समोरच्याचा चेहरा वाचून सावध होण्यात ज्यांचं आयुष्य गेलंय, त्यांना हे थांबणं फार जड जातं. एक ट्रान्स मैत्रीण लाल नाक लावून गायला उभी राहिली. वरच्या सुराला आवाज फाटला. एरवी आवाजामुळे ती अनोळखी माणसांशी फोनवर बोलायचंही टाळते. तिने आमच्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि तोच सूर मुद्दाम पुन्हा फाडला. हशा उसळला. तिसऱ्यांदा तिने आम्हा सगळ्यांकडून तो फाडून घेतला.

मधल्या सुट्टीत ताईंनी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘सिस्टर्स ऑफ पर्पेच्युअल इंडल्जन्स’बद्दल सांगितलं. १९७९ पासून ही मंडळी ननचा वेश करून, चेहरे पांढरे रंगवून रस्त्यावर उतरत आली आहेत. १९८२ मध्ये त्यांनी सुरक्षित संभोगावर एक विनोदी पुस्तिका काढली. वाचणाऱ्याला शरम वाटू नये, हा त्यामागचा विचार. हे ऐकल्यावर आमचा खेळ मला एकदम मोठ्या कुटुंबातला वाटू लागला.

कार्यशाळा संपली तरी आम्ही भेटत राहिलो. छोटे प्रवेश बसवतो, आपल्याच लोकांना दाखवतो. बाहेरच्या प्रेक्षकांपुढे जायचं का, यावर गटात जोरदार वाद चालू आहे. माझं मत, अजून नको. ज्याला आपल्या घरी अजून सांगता आलेलं नाही, त्याच्यासाठी हे बंद दाराआडच राहू दे. ज्यांना जायचंय त्यांनी वेगळा प्रयोग बसवावा. नाकं मी शिवून देईन.