चेंडू कुठे लागला ते नंतर बघा, आधी कसा मारला ते बघा

टेनिसमधे गैरवर्तनाला शिक्षा कशी द्यावी हा विषय निघाला की मला सगळ्यात आधी जपानची खेळाडू मियु कातो आठवते. २०२३ ची फ्रेंच ओपन, महिला डबल्स. पॉइंट संपला होता, कातोने चेंडू पलीकडच्या बाजूला बॉलगर्लकडे मारला, राग नाही की काही नाही, आणि तो त्या मुलीला लागला. अंपायरने वॉर्निंग दिली. पण समोरच्या जोडीने, म्हणजे बुझकोव्हा आणि सोरिबेस टोर्मोने, ती पोरगी रडतेय बघा म्हणून लावून धरलं, मग सुपरवायजर आला आणि कातो आणि तिची पार्टनर सुत्जियादी थेट डिफॉल्ट, म्हणजे मॅचमधून बाद! बक्षिसाची रक्कम गेली, रँकिंगचे पॉइंट गेले. त्याच स्पर्धेत नंतर कातोने टिम प्यूट्झसोबत मिक्स्ड डबल्स जिंकली, पण म्हणून तो निर्णय बरोबर ठरत नाही ना.

आता त्याच्या आदल्या वर्षीचा जर्मन खेळाडू झ्वेरेव बघा. फेब्रुवारी २०२२, अकापुल्को, डबल्सची मॅच हरल्यावर या माणसाने अंपायर खुर्चीवर बसलेला असताना त्याच खुर्चीवर रॅकेट हाणली, एकदा नाही, परत परत, पाय थोडक्यात वाचला त्याचा. स्पर्धेतून काढला, ४०,००० डॉलर दंड झाला, तिथली कमाई पण गेली, मान्य. पण पुढे एटीपीने, म्हणजे पुरुषांच्या टेनिसच्या संघटनेने, ८ आठवड्यांची बंदी घातली ती कशी, तर स्थगित, म्हणजे परत असं केलंस तर लागू होईल. पुढच्याच महिन्यात साहेब इंडियन वेल्सला खेळत होते. मुद्दाम केलेला हल्ला आणि चुकून लागलेला चेंडू यांत काहीच फरक करायचा नाही का? माझ्या मते त्याला ते ८ आठवडे घरीच बसवायला हवं होतं.

माझं म्हणणं साधं आहे, शिक्षा कृतीवर ठरवा, परिणामावर नको. रागाने किंवा बेफिकिरीने चेंडू फटकावला की तो कुणाला लागो न लागो, लगेच कारवाई. जोकोविचचं २०२० चं यूएस ओपन आठवा. कारेनो बुस्टाविरुद्ध न बघता मागे मारलेला चेंडू लाइन जज (चेंडू रेषेबाहेर गेला का ते बघणाऱ्या) बाईंच्या गळ्याला लागला आणि त्याला बाहेर काढलं, ते बरोबरच होतं, मी स्वतः त्याचा फॅन आहे तरी म्हणतो. पण त्याच सेटमधे थोडं आधी त्याने सेट पॉइंट घालवल्याच्या रागात एक चेंडू बाजूला जोरात हाणला होता, तो कुणाला लागला नाही म्हणून ते तसंच सोडून दिलं गेलं. तेव्हाच वॉर्निंग मिळाली असती तर कदाचित डोकं ठिकाणावर आलं असतं. पहिली वॉर्निंग, मग एक पॉइंट समोरच्याला, मग एक गेम समोरच्याला, मग गरज पडली तर डिफॉल्ट, ही पद्धत खरंतर चांगली आहे, फक्त ती पहिली पायरी अंपायरने वेळेवर वापरायला पाहिजे, नावाजलेला खेळाडू असला तरी.

आणि डिफॉल्टसारखी शिक्षा द्यायची तर पुरावा बघून द्या. २०२४ मधे दुबईला रुब्लेव सेमी फायनलमधे लाइन जजवर ओरडला, तो रशियनमधे शिवी देतोय असं सांगितलं गेलं आणि त्याला घरी पाठवलं. नंतर अपील केल्यावर एटीपीने पॉइंट आणि पैसे परत दिले. मॅच कशी परत देणार पण?

दंडाचं तर बोलायलाच नको. गेल्या वर्षी, २०२५ च्या यूएस ओपनमधे, बोन्झी मेदवेदेवविरुद्ध मॅच पॉइंटवर (तो पॉइंट घेतला की मॅच जिंकली) सर्व्ह करत होता, मधेच एक फोटोग्राफर कोर्टवर आला, अंपायरने बोन्झीला पहिली सर्व्ह परत मारायला दिली, आणि मेदवेदेव भडकला. चांगली सहा मिनिटं त्याने पब्लिकला चिथावलं, सर्व्ह करूच देईनात लोक. ४२,५०० डॉलर दंड झाला, पण कधी, तर नंतर! आणि त्यातला एक सेंटही बोन्झीला मिळत नाही. तिथल्या तिथे पॉइंट पेनल्टी द्यायला हवी होती. हो, मॅच पॉइंट होता, मॅच तिथेच संपली असती, मग संपू दे की. २००९ ला याच स्पर्धेच्या सेमी फायनलमधे सेरेनाने फूट फॉल्टवरून (सर्व्ह करताना पाय रेषेवर पडला म्हणून) लाइन जजला धमकावलं तेव्हा मॅच पॉइंटवरच पेनल्टी दिली होती आणि क्लायस्टर्स जिंकली होती, म्हणजे हे करता येतं. इथे केलं नाही, आणि बोन्झी तो सेट हरला, चौथा ६-० ने हरला, आणि पाचव्यात ६-४ ने कसाबसा जिंकला म्हणून त्याच्यावर काय अन्याय झाला यावर कुणी फार बोललंच नाही.